गाडीचं काम स्वतः करावं की मेकॅनिककडे द्यावं? पाना उचलण्याआधी काय तपासायचं

काम किती अवघड आहे यावरून बहुतेक लोक ठरवतात, की गाडी गॅरेजला न्यायची की घरीच उघडायची. त्यातून भलतंच होतं. केबिन फिल्टर बदलणं हे ग्लोव्ह बॉक्स खाली उतरवून दहा मिनिटांत होणारं काम, त्याला गॅरेजची मजुरी दिली जाते. आणि व्हिडिओत सोपं दिसलं म्हणून शॉकअपची दाबलेली स्प्रिंग घरच्या घरी सोडवली जाते, जी निसटली तर हाडं मोडते.

त्याऐवजी एकच गोष्ट विचारा: हे काम माझ्या हातून चुकलं, तर नुकसान कुठे थांबेल? वायपरचं पातं नीट बसलं नाही तर काच पुसली जात नाही, एवढंच. टायमिंग बेल्ट दोन-चार दाते चुकून बसला, तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात आणि हेड उतरवावं लागतं. ब्रेकचं काम चुकलं तर नुकसान गाडीपाशीही थांबत नाही.

दुसरी गोष्ट, दुरुस्ती म्हणजे एकसंध काम नव्हे. तिचे चार तुकडे पडतात: बिघाड शोधणं, योग्य पार्ट मिळवणं, तो बसवणं आणि बसवल्यावर तपासणं. हे चारही एकाच माणसाने करावेत असा काही नियम नाही. बिघाड मेकॅनिककडून शोधून घ्या, त्या तपासणीचे पैसे द्या आणि पार्ट स्वतः बसवा, हे चालतं. व्होल्टेज मोजून, कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेली बिघाडाची खूण) वाचून, लक्षणं लिहून न्या आणि हात मेकॅनिकचे लावा, हेही चालतं. ज्यांना हात काळे करायचेच नाहीत त्यांनीसुद्धा निदानाचा भाग शिकून घ्यावा असं आमचं ठाम मत आहे, कारण पैसे सर्वांत जास्त वाया जातात ते तिथे. चुकीचा पार्ट कितीही सफाईने बसवला तरी बिघाड जागच्या जागी राहतो.

आधी निदान: पार्ट विकत घेण्याची घाई नको

सकाळी सेल्फ मारला आणि नुसता 'टक' आवाज आला, की लोक थेट नवी बॅटरी आणतात. ती चार दिवस चालते आणि पुन्हा तेच. इथे संशयित चार असतात: बॅटरी, अल्टरनेटर, स्टार्टर मोटर आणि बॅटरीचे टर्मिनल. एका साध्या मल्टिमीटरने चौघांची चौकशी अर्ध्या तासात होते. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा.

१. गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि बॉनेट उघडून बॅटरीच्या दोन्ही खुंटांवर व्होल्टेज मोजा. १२.६ किंवा जास्त म्हणजे पूर्ण चार्ज. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली असेल तर ती जवळपास रिकामी आहे. आधी चार्जरने पूर्ण चार्ज करा, मगच पुढच्या चाचण्यांना अर्थ आहे.

२. मीटर लावलेलाच ठेवून दुसऱ्या कोणाला सेल्फ मारायला सांगा. चार्ज केलेली बॅटरी सेल्फ मारताना ९.६ व्होल्टच्या खाली घसरली, तर बॅटरी थकली आहे. व्होल्टेज १२ च्या आसपासच राहिलं आणि इंजिन फिरलंच नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका. स्टार्टर, त्याचा सोलेनॉइड (चुंबकीय स्विच) किंवा वायरिंग बघा.

३. इंजिन सुरू झाल्यावर साधारण १३.७ ते १४.७ व्होल्ट दिसायला हवेत. १२.५ वरच अडकलं तर अल्टरनेटर चार्ज करत नसावा. नव्या गाड्यांत मात्र कॉम्प्युटर मुद्दाम चार्जिंग कमी-जास्त करतो, म्हणून हेडलाइट आणि मागच्या काचेचा हीटर लावून पुन्हा मोजा.

४. आता टर्मिनल. मीटरची एक सुई बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर आणि दुसरी त्याच खुंटावर बसवलेल्या क्लॅम्पवर टेकवा आणि सेल्फ मारायला सांगा. इथे जवळपास शून्य दिसायला हवं. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर सांध्यात गंज किंवा ढिलेपणा आहे. क्लॅम्प काढा, चकचकीत होईपर्यंत घासा आणि घट्ट बसवा. पुष्कळ 'मेलेल्या' बॅटऱ्या एवढ्याने जिवंत होतात.

बॅटरी बदलायचीच ठरली तर काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. कारण सरळ आहे: गाडीचा सगळा पत्रा निगेटिव्हला जोडलेला असतो. पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेलात आणि पाना चुकून पत्र्याला लागला, तर शॉर्ट होऊन पाना लालबुंद होतो आणि ठिणगीने बॅटरीतला हायड्रोजन पेटू शकतो. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या इंजिनाच्या गाडीत त्याच प्रकारची, म्हणजे ईएफबी (साध्या बॅटरीचा सुधारित प्रकार) असेल तर ईएफबी आणि एजीएम (काचतंतूंच्या थरात ॲसिड शोषलेली) असेल तर एजीएमच बॅटरी टाका. अशा काही गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद स्कॅनरने कॉम्प्युटरमध्ये करावी लागते. तेवढं काम मेकॅनिककडून करून घ्या.

चेक इंजिनचा दिवा आणि कोडचा अर्थ

अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नव्या मोटारींना ओबीडी-२ ही एकच तपासणी-पद्धत सक्तीची झाली, इतरत्रही तशीच पद्धत आली, म्हणून आज डॅशबोर्डखाली १६ पिनांचा तोच सॉकेट जवळपास सगळ्या गाड्यांत सापडतो. त्यात बसणारा छोटा स्कॅनर मोबाइलला जोडता येतो. घरी ठेवण्यासारखं पहिलं हत्यार कोणतं असं विचाराल तर मल्टिमीटरनंतर हेच.

पण कोड पार्टचं नाव सांगत नाही, लक्षण सांगतो. पी०१७१ म्हणजे इंजिनला हवेच्या मानाने इंधन कमी मिळतंय. हा कोड आला की बरेच जण ऑक्सिजन सेन्सर बदलतात, आणि बहुतेक वेळा तो बिचारा खरं तेच सांगत असतो. खरं कारण शोधायला स्कॅनरवर 'फ्युएल ट्रिम' बघा, म्हणजे कॉम्प्युटर इंधन किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा. इंजिन गरम करा आणि आयडलवर आकडा टिपा, मग २,५०० आरपीएमला धरून टिपा. आयडलला अधिक २० टक्के आणि २,५०० ला अधिक ५ असा उतरत असेल, तर थ्रॉटलनंतर कुठेतरी हवा आत शिरते आहे: तडकलेला व्हॅक्युम पाइप, इनटेकचं गॅस्केट. इंजिन जास्त हवा ओढू लागलं की त्या छोट्या गळतीचा वाटा नगण्य होतो, म्हणून आकडा उतरतो. उलट, आरपीएम वाढल्यावर आकडा चढत असेल, तर इंधनाचा पुरवठा कमी पडतोय किंवा हवा मोजणारा सेन्सर मळलाय. पार्ट विकत न घेता, पाच मिनिटांत, संशयाची यादी निम्मी झाली.

पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे तिथे इंधन नीट पेटत नाही. इंजिन थंड करून पहिल्याची इग्निशन कॉइल तिसऱ्यावर लावा, तिसऱ्याची पहिल्यावर, कोड पुसा आणि फेरी मारून या. कोड पी०३०३ झाला, म्हणजे दोष कॉइलसोबत गेला, तर कॉइलच गेली आहे. पहिल्यावरच राहिला तर तसाच प्लग अदलून बघा. प्लगही निर्दोष निघाला तर उरतात इंजेक्टर, वायरिंग आणि कॉम्प्रेशन, आणि इथून पुढे मेकॅनिकच्या तपासणीचे पैसे देणं स्वस्त पडतं.

चेक इंजिनचा दिवा स्थिर असेल तर वेळ आहे. लुकलुकत असेल तर मिसफायर जोरात चालू आहे, पाय हलका करा आणि शक्य तितक्या लवकर गाडी थांबवा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळतं आणि तो आतून वितळू शकतो. ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला तर इंजिन त्याच क्षणी बंद. 'जवळच आहे गॅरेज, नेतो हळूहळू' या विचाराने बेअरिंगं जातात.

आवाजांबद्दल थोडक्यात. वेगाबरोबर वाढणारी घरघर डाव्या वळणावर जास्त येत असेल तर संशय उजव्या चाकाच्या बेअरिंगवर, कारण वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो. स्टिअरिंग पूर्ण वळवून चालवताना कट-कट आली तर ॲक्सलचा बाहेरचा सीव्ही जॉइंट. सकाळी सुरू करताच किंचाळून थांबणारा आवाज बहुधा फॅन बेल्टचा.

चुकलं तर कुठवर जाईल

काही कामं घरी करू नयेत, आणि त्यांत अपवाद शोधू नयेत. एअरबॅग आणि सीटबेल्टचे टेन्शनर यांत स्फोटक चार्ज असतो. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी केबलमध्ये जीव घेण्याइतकं व्होल्टेज असतं. एसीचा गॅस हवेत सोडणं घातक आहे आणि भरायला वेगळं यंत्र लागतं. कॉमन रेल डिझेलमध्ये इंजेक्टरच्या पाइपात १,६०० बार आणि त्याहून जास्त दाब असतो. सुईएवढ्या भोकातून उडालेलं डिझेल कातडी भेदून आत जातं, जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते आणि बोट कापायची वेळ येऊ शकते. चालू इंजिनावर हात फिरवून डिझेलची गळती शोधू नका, पुठ्ठा धरा. शॉकअपची स्प्रिंग वर सांगितलीच. स्टिअरिंगचं काम आणि ब्रेकचे पाइप अनुभव नसताना हातात घेऊ नयेत.

दुसरा गट असा, की जिवाला धोका नाही पण चुकीची किंमत जबर: टायमिंग बेल्ट, क्लच, हेड गॅस्केट, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. यांत पार्टपेक्षा उघडझाक मोठी असते. गिअरबॉक्स उतरवायला लिफ्ट किंवा निदान ट्रान्समिशन जॅक लागतो, आणि जमिनीवर पाठीवर झोपून तेवढं वजन छातीवर तोलण्याचा प्रयत्न कोणी करू नये.

उरलेली बहुतेक देखभाल तुमच्या आवाक्यात आहे: एअर फिल्टर, केबिन फिल्टर, वायपर, बल्ब, बॅटरी, इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर, स्पार्क प्लग, साधा फॅन बेल्ट. ब्रेक पॅड या गटाच्या सीमेवर आहेत, म्हणून त्यांच्याकडे पुढे सविस्तर येऊ.

हिशेब कसा मांडायचा

'मजुरी वाचेल' एवढाच हिशेब अर्धवट आहे. कागदावर पाच आकडे लिहा: गॅरेजच्या अंदाजपत्रकातली मजुरी, तुम्हाला पार्ट ज्या किमतीत मिळेल ती, नव्याने घ्यावी लागणारी हत्यारं, तुमचे तास, आणि काहीतरी तुटलं तर येणारा खर्च.

तासांच्या बाबतीत स्वतःशी प्रामाणिक राहा. मेकॅनिक जे काम एका तासात करतो त्याला पहिल्यांदा तीन तास धरा, आणि त्यात विसरलेला पार्ट आणायची फेरी धरलेली नाही. दुसऱ्यांदा तेच काम निम्म्या वेळात होतं. म्हणून जे काम वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा येणारच आहे, त्यात वेळ आणि हत्यारं गुंतवणं फायद्याचं. गाडीच्या आयुष्यात एकदाच येणाऱ्या कामासाठी महागडं खास हत्यार घेणं तोट्याचं. ते भाड्याने मिळत असेल तरच विचार करा.

पाचवा आकडा लोक लिहितच नाहीत. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये स्पार्क प्लग तिरका शिरून आटे गेले, तर नवे आटे पाडून इन्सर्ट बसवण्याचा खर्च चार प्लगांच्या मजुरीच्या कितीतरी पट होतो. असं होऊच नये याची काळजी घेता येते: इंजिन पूर्ण थंड असताना काम करा, प्लग सॉकेटला नुसती एक्स्टेन्शन लावून रॅचेटशिवाय बोटांनी फिरवा, आधी उलट्या दिशेने अर्धा फेरा द्या म्हणजे आट्याचं तोंड जुळल्याचं 'टिक' बोटांना कळतं, मग सुलट फिरवा. चार-पाच फेरे बोटांनी सहज जायला हवेत. पहिल्याच फेऱ्याला जोर लागला तर बाहेर काढा. वॉशर असलेला १४ मिलिमीटरचा नवा प्लग साधारण २० ते ३० न्यूटन-मीटरने (आवळण्याच्या जोराचं माप) आवळतात. नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये बघा.

याच हिशेबात आणखी दोन प्रश्न येतात. गाडी वॉरंटीत आहे का? असेल तर स्वतः काम करण्यापूर्वी अटी वाचा, आणि ऑइल-फिल्टरची बिलं, तारीख, किलोमीटर जपून ठेवा. आणि उद्या सकाळी हीच गाडी लागणार आहे का? दुसरी सोय नसेल तर रविवारी संध्याकाळी पाच वाजता काम सुरू करू नका. सकाळी सुरू करा, पार्टची दुकानं उघडी असताना.

हत्यारं आणि जागा

सुरुवातीला फार लागत नाही: ८ ते १९ मिलिमीटरचा सॉकेट संच, रॅचेट, एक्स्टेन्शन, रिंग-फिक्स पाने, टॉर्क रेंच (मोजून जोर लावणारा पाना), मल्टिमीटर, स्कॅनर, जॅक आणि दोन जॅक-स्टँड. सॉकेट सहा कोनी घ्या. बारा कोनी सॉकेट बोल्टच्या कोपऱ्यांवर टेकतो आणि गंजलेल्या डोक्याची गोटी करून टाकतो. चिनी मातीसारखे ठिसूळ निघणारे स्वस्त सॉकेट बोटं फोडतात, तिथे काटकसर नको.

टॉर्क रेंचला पर्याय नाही. छोट्या-मध्यम गाड्यांचे व्हीलनट साधारण ९० ते १२० न्यूटन-मीटरवर आवळायचे असतात, तर ऑइलचा ड्रेन प्लग बऱ्याचदा २५ ते ४० वर. व्हीलपान्यावर पाय देऊन आवळण्याची सवय असलेला हात ड्रेन प्लगवर गेला, की ऑइल पॅनचे आटे गेलेच समजा.

जागा कडक आणि सपाट हवी. माती, पेव्हर ब्लॉक, उतार यांवर गाडी उचलायची नाही. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग जाता कामा नये, दोन सेकंदांसाठीसुद्धा. जॅकचं सील गेलं तर गाडी सूचना देऊन खाली येत नाही. स्टँड मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच लावा, जमिनीवरच्या चाकांपुढे-मागे ठोकळे लावा, आणि खाली शिरण्याआधी गाडी हाताने जोरात हलवून बघा. हलून पडायचीच असेल तर तेव्हा पडू दे.

सीमेवरचं काम: पुढचे ब्रेक पॅड

ब्रेक पॅड बदलणं यांत्रिकदृष्ट्या सोपं आहे, म्हणून लोक करतात. जबाबदारी मोठी आहे, म्हणून पहिल्यांदा जाणत्या माणसाला शेजारी उभं करून करा. तशी सोय नसेल तर हे काम गॅरेजला द्या. हात घालायचा की नाही ते ठरवायला आधी चाक काढून बघा.

नव्या पॅडवर घर्षणाचा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो. ३ वर आला की बदलायचा. आतला आणि बाहेरचा पॅड सारखे झिजलेत का ते पाहा. आतला २ मिलिमीटर आणि बाहेरचा ७ अशी तफावत असेल, तर कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) सरकत्या पिना किंवा पिस्टन अडकलेत. नुसते पॅड बदलून काही महिन्यांत पुन्हा तेच होईल. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, मायक्रोमीटरने मोजून त्याखाली गेली असेल तर डिस्कही बदला. पिस्टनच्या रबराजवळ ओल दिसली, किंवा मागचेही पॅड बदलायचे असून तिथे इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल आणि तो सर्व्हिस मोडमध्ये टाकणारा स्कॅनर नसेल, तर इथेच थांबा आणि गॅरेजला न्या.

सगळं ठीक असेल तर क्रम असा:

१. गाडी जमिनीवर असतानाच व्हीलनट अर्धा फेरा सैल करा. मग उचला, स्टँड लावा, चाक काढा आणि ते गाडीच्या कडेखाली आडवं सरकवा, जादा सुरक्षिततेसाठी.

२. एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू जोडलेली असेल तर कोणती क्लिप कुठे होती ते बघायला नमुना राहतो.

३. कॅलिपरचा खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचला. तो रबरी होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने स्प्रिंगला बांधा. होज आतून फाटला तर बाहेरून दिसत नाही.

४. ब्रेक फ्लुइडच्या डबीचं झाकण सैल करून पातळी बघा. पिस्टन मागे दाबला की फ्लुइड वर येतो; डबी काठोकाठ असेल तर थोडा सिरिंजने काढा. रंगावर सांडला तर रंग उचलतो, लगेच पाण्याने धुवा.

५. जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्पने हळू, सरळ दाबा. अडकत असेल तर जोर लावू नका. तो पिस्टन तपासायला हवा.

६. सरकत्या पिना बाहेर काढून पुसा आणि ब्रेकसाठीचंच ग्रीस लावा. साधं ग्रीस रबर फुगवतं आणि पिना पुन्हा अडकतात. ही पायरी घाईत गाळली जाते, आणि पॅड तिरके झिजण्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

७. पॅड, क्लिपा बसवा. घासणाऱ्या पृष्ठभागाला ग्रीसचं बोट लागलं असेल तर ब्रेक क्लीनरने पुसा. बोल्ट मॅन्युअलच्या आकड्याने आवळा. चाक लावून व्हीलनट आडव्या-तिडव्या क्रमाने आवळा.

८. दोन्ही बाजू झाल्यावर, गाडी हलवण्याआधी, ब्रेक पेडल पुन्हा पुन्हा दाबा. पहिले काही दाब थेट तळाला जातात, कारण पिस्टन मागे ढकललेला असतो. पेडल वर आणि कडक आलं की मगच इंजिन सुरू करा. ही पायरी विसरून गाडी रिव्हर्स घेतली, की ती थांबत नाही.

मोकळ्या जागी ५० च्या वेगावरून १० पर्यंत मध्यम ब्रेक लावत आठ-दहा वेळा गाडी चालवा, मध्ये थोडा गारवा देत. पॅड आणि डिस्क एकमेकांवर बसतात. पेडल मऊ लागलं, गाडी एका बाजूला ओढली किंवा घासण्याचा आवाज आला, तर रस्त्यावर नेऊ नका. ५० ते १०० किलोमीटरनंतर व्हीलनट पुन्हा टॉर्कने तपासा.

ब्रेक फ्लुइडबद्दल एक गोष्ट. डॉट ३ आणि डॉट ४ हे त्याचे प्रकार हवेतला ओलावा ओढून घेतात. डॉट ४ चा कोरडा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस, तर ओलावा शोषल्यावर १५५. घाट उतरताना फ्लुइड उकळून पेडल खोल जातं ते यामुळे. झाकण उघडून वर्षभर ठेवलेली बाटली वापरू नका, आणि सिलिकॉनचा डॉट ५ यांत कधीही मिसळू नका.

ऑइल बदलताना नेमकं काय चुकतं

हे काम प्रत्येकाने करून बघावं. मॅन्युअलमधला ग्रेड आणि प्रमाण वाचा. छोट्या इंजिनात साधारण ३ ते ४.५ लिटर जातं. जुना फिल्टर काढल्यावर त्याचं रबरी गॅस्केट इंजिनावरच चिकटून राहिलं नाही ना, हे बोट फिरवून बघा. त्यावर दुसरं बसलं तर इंजिन सुरू होताच ऑइल फवाऱ्यासारखं बाहेर येतं. नव्या गॅस्केटला ऑइलचा हात फिरवा आणि टेकल्यावर हाताने पाऊण फेरा, बस. ड्रेन प्लगचं वॉशर नवं टाका. सांगितलेल्यापेक्षा अर्धा लिटर कमी भरा, मिनिटभर इंजिन चालवा, दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक बघून उरलेलं घाला. जास्त भरलेलं ऑइल क्रँकशाफ्टने घुसळून फेसाळतं, आणि फेस वंगण देत नाही. जुनं ऑइल गटारात नाही, जुनं ऑइल घेणाऱ्या ठिकाणी द्यायचं.

कूलंट तपासायची असेल तर गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. दाबाखाली असलेलं पाणी सुटताच वाफ होऊन तोंडावर येतं. सांडलेलं कूलंट लगेच धुवा, ते गोड लागतं आणि कुत्र्या-मांजरांना विषारी आहे.

बोल्ट सुटत नाही तेव्हा

घरच्या कामाचं सगळ्यात मोठं संकट हेच. आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा. सकाळी सॉकेट डोक्यावर पूर्ण बसवा, हातोडीने दोन-तीन ठोके द्या म्हणजे गंज तडकतो. मग लांब दांड्याने एकसारखा जोर. गंज सुटतो तेव्हा 'कट्' असा आवाज येऊन बोल्ट एकदम ढिला होतो; तो चांगला. आवाज न येता बोल्ट रबरासारखा नरम वळत गेला, तर तो सुटत नाहीये, पिळला जातोय, थांबा. पाव फेरा मागे, पुन्हा ऑइल, पाव फेरा पुढे. असं करूनही नरमच राहिला तर हात काढा. सायलेन्सरचे आणि मॅनिफोल्डचे बोल्ट अनेकदा उष्णता दिल्याशिवाय सुटत नाहीत, आणि पेट्रोलच्या पाइपांजवळ घरी ज्योत वापरायची नाही.

मेकॅनिककडे जायचं ठरलं तर

निदान करून टाकू नका, लक्षणं सांगा. 'क्लच गेलाय, बदला' म्हणालात तर क्लच बदलला जाईल. 'तिसऱ्या गिअरला चढावर आरपीएम वाढतात, वेग वाढत नाही, गरम झाल्यावर जास्त' असं सांगा. आवाजाचा व्हिडिओ न्या. तपासणीचे वेगळे पैसे द्यायची तयारी दाखवा, कारण फुकट तपासणीची वसुली पार्टमधून होते.

अंदाजपत्रकात पार्ट आणि मजुरी वेगवेगळी मागा, बोल्ट तुटल्यास काय ते आधी विचारा आणि जुने पार्ट परत द्यायला सांगा. तुम्ही आणलेला पार्ट बसवून त्याची हमी बरेच गॅरेजवाले देत नाहीत, आणि ते रास्त आहे. एक प्रश्न मात्र नक्की विचारा: एवढं उघडताय तर आणखी काय बदलून घेऊ? टायमिंग बेल्टसोबत पाण्याचा पंप आणि टेन्शनर, क्लचसोबत रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं सील. मजुरी एकदाच लागते.

अर्ध्यावर अडकलात तर

सुरू करण्याआधीच थांबायची खूण ठरवून ठेवा: दोन तासांत अमुक पायरी झाली नाही, किंवा पहिला बोल्ट तुटला, की थांबायचं. थकलेल्या हाताने आणखी जोर लावून एका तुटलेल्या बोल्टचे तीन होतात. उघडलेला प्रत्येक भाग फोटो काढून, बोल्ट ज्या भोकातले त्याच्या नावाने पिशवीत ठेवा. ब्रेक किंवा स्टिअरिंग उघडलेलं असेल तर गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या. आणि मेकॅनिकला सगळं खरं सांगा: कुठवर उघडलं, काय तुटलं, कोणतं ऑइल घातलं, कोणते बोल्ट नुसते हाताने लावून ठेवलेत. हाताने लावलेल्या बोल्टांची यादी लिहूनच द्या, कारण बाहेरून ते आवळलेल्यांसारखेच दिसतात.